हथखोज म्हणजे १५ बाइट

हथखोजच्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये घडू शकेल असा प्रसंग घ्या. पुण्याच्या पार्टीने ई-मेलवर ड्रॉइंग पाठवलंय. प्लेट कटिंग टेबलवर चढलेली, ऑपरेटर हाताची घडी घालून उभा, आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडायला तयार नाही. पुण्याला फोन जातो. तिकडून उत्तर ठरलेलं: ‘आमच्याकडे तर व्यवस्थित उघडतेय हो!’ मग फाइल पुन्हा मागवली जाते, व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली जाते, पेन ड्राइव्हवर कुरिअरने मागवायची भाषा सुरू होते. दोन्हीकडचे लोक खरं बोलत असतात आणि फाइलही शाबूत असते. तिच्या आत काय आहे हे मात्र कोणी पाहिलेलं नसतं.

हथखोज हा भिलाईचा जड उद्योगांचा पट्टा. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघात इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्या पोलादाच्या आधाराने आजूबाजूला कापणारे, जोडणारे, ओतणारे, घासणारे असंख्य छोटे-मोठे कारखाने उभे राहिले. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती, त्यामुळे दुर्ग-भिलाई-रायपूर हा टापू विदर्भाला परका कधीच नव्हता. आजही तिथल्या कॉलन्यांत मराठी घरं आहेत, आणि त्या घरांतली मुलं आता झोतभट्टीपेक्षा जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकण्याच्या मागे जास्त आहेत. म्हणून हा लेख शेडमधल्या काकांसाठी आहे आणि त्यांच्या पुतण्यासाठीही.

डिस्कवर फाइल म्हणून जे असतं ते फक्त आकड्यांची रांग. प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान, आणि अशा एका आकड्याला म्हणायचं बाइट. ड्रॉइंग, फोटो, पगारपत्रक, लग्नपत्रिका, सगळं हेच. फाइलच्या नावाला लावलेलं शेपूट, म्हणजे डीडब्ल्यूजी किंवा जेपीजी, हे माणसाने दिलेलं नाव आहे. ते बदललं म्हणून आतला एक बाइटही हलत नाही. अर्थ लावायचा तो वाचणाऱ्या प्रोग्रामने, आणि चुकीचा लावला तर फाइल तक्रार करत नाही.

ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलचे पहिले सहा बाइट वाचले तर बहुतेक वेळा पुण्याचा फोन वाचतो. ६५, ६७, ४९, ४८, ५१, ५० असे आकडे निघाले, तर ती अक्षरं होतात ‘एसी१०३२’. हा ऑटोकॅड २०१८ चा साचा. २०१७ पर्यंतचं ऑटोकॅड तो उघडत नाही. शेवट १०२७ असेल तर साचा २०१३ चा, १०२४ म्हणजे २०१० चा, १०१५ म्हणजे थेट २००० चा. पुण्याकडे नवी आवृत्ती, हथखोजकडे जुनी, एवढंच भांडण. पार्टीला ‘२०१० च्या साच्यात सेव्ह करून पाठवा’ म्हणायचं किंवा डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू हे फुकट मिळणारं साधन वापरून स्वतः बदलून घ्यायचं.

आता पुतण्याकडे वळू. हे सहा बाइट जावात वाचायचे कसे? ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेत फाइल थेट हाताळत नाहीत. तिच्याशी बोलणारी एक वस्तू बनवतात, तिचं नाव फाइलइनपुटस्ट्रीम. तिला ‘रीड’ म्हटलं की ती पुढचा एक बाइट देते. बाइट मेमरीतून येतोय, नेटवर्कवरून येतोय की डिस्कवरून, हे मागणाऱ्याला कळण्याची गरज नाही. सगळ्यांचं घराणं एकच, इनपुटस्ट्रीम. त्या वस्तूला दुसऱ्या वस्तूच्या आत ठेवता येतं. बफर्डइनपुटस्ट्रीममध्ये घातली की ती दर वेळी डिस्ककडे धावण्याऐवजी ८,१९२ बाइटांचा घास एकदम उचलून ठेवते. तिलाही डेटाइनपुटस्ट्रीममध्ये घातलं की बाइटांऐवजी पूर्ण संख्या मागता येतात. रचना देखणी आहे, यात वाद नाही. पण जितकं झाकावं तितकं विसरायला होतं, आणि जावातले फाइलचे बहुतेक घोटाळे या विसरण्यातून होतात.

पहिला घोटाळा वजा एकचा. ‘रीड’ बाइट देते, पण तिच्या उत्तराचा प्रकार मात्र ‘इंट’ आहे. कारण फाइल संपली हे सांगायला तिला ० ते २५५ च्या बाहेरचा एखादा आकडा हवा होता आणि तिने -१ निवडला. इथे जावाची एक खोड आडवी येते. जावाचा ‘बाइट’ हा प्रकार ० ते २५५ नसून -१२८ ते १२७ असा आहे. त्यामुळे २५५ त्यात भरला की तो -१ दिसतो. एखाद्याने ‘रीड’चं उत्तर आधी बाइटमध्ये कोंबलं आणि मग -१ शी ताडून पाहिलं, तर २५५ भेटताच प्रोग्रामला वाटतं, फाइल संपली.

यातली मेख अशी की मराठी मजकुराच्या यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत मांडायची एक पद्धत) फाइलवर हा प्रोग्राम महिनोन्‌महिने बिनबोभाट चालेल, कारण यूटीएफ-८ मध्ये २५५ हा बाइट कधी येतच नाही. मग एके दिवशी कोणी त्यातून जेपीजी फोटो पाठवतो. जेपीजीचा पहिलाच बाइट २५५. फोटोची प्रत तयार होते, आकार शून्य. प्रोग्रामरला वाटतं फोटोच खराब आहे. वर्षभर चाललेल्या कोडवर संशय कोण घेणार?

दुसरा घोटाळा घासाचा. ‘रीड’ला एक रिकामी रांग दिली की ती तिच्यात बाइट भरते आणि किती भरले ते परत सांगते. ते सांगणं बरेच जण ऐकतच नाहीत. १०,००० बाइटांची फाइल ८,१९२ च्या रांगेतून कॉपी करा. पहिल्या फेरीत ८,१९२ आले, दुसऱ्या फेरीत उरलेले १,८०८. दुसऱ्या फेरीतही पूर्ण रांग लिहून टाकली, तर प्रत १६,३८४ बाइटांची होते, आणि शेवटचे ६,३८४ बाइट पहिल्या फेरीतलेच शिळे. पीडीएफ असेल तर अनेकदा अशी प्रत उघडतेसुद्धा, म्हणून चूक लवकर सापडत नाही. शिवाय रांग पूर्ण भरेलच असा शब्द ‘रीड’ने दिलेला नाही. नेटवर्कवर ती मधेच थोडं देऊन थांबू शकते. छोटी फाइल असेल तर २०११ च्या जावा ७ पासून ‘रीडऑलबाइट्स’ आहे, एका ओळीत काम होतं. मोठ्या फाइलला ते लावू नये. सगळी फाइल मेमरीत येते आणि प्रोग्राम धापा टाकतो.

मजकुराचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं, आणि मराठी माणसाला ते टाळता येत नाही. ‘हथखोज’ हे नाव साध्या मजकुराच्या फाइलमध्ये यूटीएफ-८ ने साठवलं तर १५ बाइट लागतात. ह साठी २२४, १६४, १८५. थ साठी २२४, १६४, १६५. ख साठी २२४, १६४, १५०. ओकाराचे वेगळे तीन: २२४, १६५, १३९. आणि ज चे २२४, १६४, १५६. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो की अनुस्वार, तीन बाइटांचं. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचली.

हे पंधरा बाइट कोणी विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य तक्त्याने (तक्ता म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर हे सांगणारी यादी) वाचले, तर ह च्या जागी काय दिसेल? डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ‘ए’, त्याच्या शेजारी चलनाचं गोल चिन्ह, मग वर चढवलेला बारीक १. ही तिकडी तुम्ही नक्की पाहिली असेल. बँकेच्या ई-मेलमध्ये, शाळेच्या निकालात. त्याला लोक ‘व्हायरस आला’ म्हणतात. बाइट सगळे जागच्या जागी असतात, वाचणाऱ्याने तक्ता चुकीचा धरलेला असतो. जावात २०२२ च्या मार्चपर्यंत, म्हणजे जावा १८ येईपर्यंत, तक्ता सांगितला नाही तर ती मशीनवरचा तक्ता गुपचूप उचलत असे. लिनक्सवर लिहिलेला प्रोग्राम म्हणून तिथे गोड चालायचा आणि ऑफिसच्या विंडोजवर त्याचं हे कडबोळं व्हायचं. आता न सांगता ती यूटीएफ-८ धरते. तरीही तक्ता लिहूनच द्यावा असं माझं मत आहे, कारण जुनं जावा अजून कित्येक मशीनवर बसलेलं आहे.

घासाचा आणि मजकुराचा घोटाळा एकत्र आला की खरी गंमत. सलग देवनागरी मजकूर ८,१९२ च्या घासाने वाचला, तर एका घासात २,७३० चिन्हं पूर्ण बसतात आणि दोन बाइट उरतात. म्हणजे २,७३१ वं चिन्ह मधोमध तुटतं; दोन बाइट या घासात, एक पुढच्यात. प्रत्येक घासाचं वेगळं वेगळं अक्षरांत रूपांतर केलं, तर सांध्यावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह उमटतं. चाचणीसाठी चार ओळींची फाइल घेतली होती, त्यात हे कसं दिसणार? इंग्रजी मजकुरात तर ते कधीच दिसत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. यावर उपाय जावानेच ठेवलाय, इनपुटस्ट्रीमरीडर. तुटलेलं अक्षर तो राखून ठेवतो आणि पुढचा बाइट आला की जोडतो.

यूटीएफ-८ च्या आधीचा इतिहासही आपल्याकडचाच आहे. इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलं, आणि पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने ते कॉम्प्युटरवर नांदवलं. त्यात ‘हथखोज’ पाच बाइटांत मावे. त्यानंतर डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपी, आकृती असे फाँट आले. त्यांच्या फाइलमधला बाइट अक्षर न सांगता अक्षराचा तुकडा सांगतो: एखादी काठी, अर्धा गोल, वेलांटी. शिवाय ऱ्हस्व वेलांटी तिथे व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. जुन्या स्मरणिका आणि विशेषांक आज युनिकोडमध्ये आणायचे तर बाइटांचा तक्ता बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. फाइलचं शेपूट ‘डॉक’ आहे म्हणून काम सोपं असेल असं समजून पैसे सांगणाऱ्याने आधी पहिलं पान तपासावं.

आता पुन्हा शेडमध्ये. कास्टिंगचा पॅटर्न बनवायला त्रिमितीची एसटीएल फाइल येते. तिची रचना सुटसुटीत: आधी ८० बाइट शीर्षकाचे, मग चार बाइटांत त्रिकोणांची संख्या, मग प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट. साध्या चौकोनी ठोकळ्याला १२ त्रिकोण लागतात, म्हणजे फाइल ६८४ बाइटांची. संख्येचे चार बाइट असे येतात: १२, ०, ०, ०. लहान बाइट आधी. जावाचं डेटाइनपुटस्ट्रीम मात्र मोठा बाइट आधी असंच वाचतं, तेव्हा त्याला ही संख्या दिसते २०,१३,२६,५९२. बारा त्रिकोणांचा ठोकळा वीस कोटींचा झाला, प्रोग्राम तेवढी जागा मागतो आणि कोसळतो. कुठला बाइट आधी यावरून कॉम्प्युटरवाल्यांत इतकी हमरीतुमरी होती की डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० ला त्यावर एक टिपण लिहिलं आणि दोन्ही पक्षांना नावं दिली ती ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधल्या, अंडं कुठल्या टोकाने फोडावं यावर भांडणाऱ्या लोकांची. इंटेलची चिप लहान टोकाची, जावा मोठ्या टोकाची. जावात बाइटबफर नावाची वस्तू आहे, तिला क्रम सांगता येतो. एसटीएलसाठी तीच घ्यावी.

पहिल्या बाइटांवरही डोळे झाकून विश्वास टाकू नये. मजकूर-स्वरूपाची एसटीएल फाइल ‘सॉलिड’ या शब्दाने सुरू होते. पण काही सॉफ्टवेअर बायनरी फाइलच्या ८० बाइटी शीर्षकातही ‘सॉलिड’ लिहून ठेवतात. तेव्हा शहाणा प्रोग्राम आकार तपासतो: ८४ अधिक त्रिकोण गुणिले ५० बरोबर जुळलं, तर फाइल बायनरी.

आणखी एक, थोडक्यात. वाचून झालं की फाइल बंद करा. जावा ७ पासून ‘ट्राय’च्या कंसातच वस्तू बनवली की ती आपोआप बंद होते, चूक झाली तरीही. नाहीतर विंडोज ती फाइल कोणाला पुसू देत नाही, ‘दुसऱ्या प्रोग्रामच्या वापरात आहे’ म्हणतं, आणि तुमचा प्रोग्राम बंद होईपर्यंत सुटका नसते.

मुलांना हे शिकवताना माझा आग्रह एकच असतो: फाइलवरचा पहिला प्रोग्राम मजकूर छापणारा नसावा, बाइट छापणारा असावा. फोटो घ्या, पीडीएफ घ्या, एक्सेलची फाइल घ्या आणि पहिले आठ आकडे पाहा. पीडीएफ ३७, ८०, ६८, ७० ने सुरू होते. आजची एक्सेल फाइल ८०, ७५ ने, म्हणजे ‘पीके’; कारण ती मुळात झिप आहे आणि ती दोन अक्षरं झिपचा निर्माता फिल कॅट्झ याची.

आणि शेडमधल्या काकांना जावा शिकायची गरज नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘फॉरमॅट-हेक्स’ हा हुकूम आधीपासून आहे. त्याच्यापुढे फाइलचं नाव द्यायचं, उजव्या रकान्यात अक्षरं दिसतात. पुढच्या वेळी ड्रॉइंग उघडलं नाही तर पुण्याला फोन लावण्याआधी पहिली ओळ वाचा. ‘एसी’च्या पुढचे चार आकडे कागदावर लिहून घ्या आणि फोनवर तेच सांगा.