केंदाळावरची मोजदाद

जानेवारीतली सकाळ, पावणेसात. शहाड सोडून आंबिवलीकडे जाताना लोकल उल्हास नदीवरून जाते, त्या पुलाच्या जरा वरच्या अंगाला मी काठावर बसले आहे. दुर्बीण गळ्यात, वही मांडीवर. लिहायला पेन्सिलच, कारण दवाने कागद भिजला की शाई पसरते. वहीत पक्ष्यांच्या आधी बाकीचंच जातं: तारीख, वेळ, वारा, धुकं, पाण्याची पातळी. आणि एक रकाना मी स्वतः वाढवलेला, नदीचा किती भाग केंदाळाने झाकला आहे. पुस्तकात त्याला जलपर्णी म्हणतात, काठावरची माणसं केंदाळच म्हणतात.

पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तोवर उत्तरेकडून आलेले पाहुणे एका जागी स्थिरावलेले असतात, आणि सगळीकडे साधारण त्याच दिवसांत मोजलं की एकच पक्षी दोन ठिकाणी धरला जाण्याची भीती कमी. आमचा हा पट्टा ठाणे खाडीसारखा नावाजलेला नाही. खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, तिथे रोहित बघायला माणसं बोटीने जातात. इथे काठावर निर्माल्याच्या पिशव्या असतात. मोजायची पद्धत मात्र दोन्हीकडे एकच.

थवा दिसला की आधी त्यातले दहा नीट मोजायचे. ते दहा नजरेत किती जागा घेतात हे धरून ठेवायचं आणि तेवढाच तुकडा थव्यावरून पुढेपुढे सरकवत न्यायचा. शेकाट्यांना हे जमतं, लांब लाल पायांवर ते सुटेसुटे उभे असतात. ढोकरी मात्र फसवते. बसली की केंदाळाच्या सुकल्या पानाचाच रंग. मी तीन लिहिते, तेवढ्यात पुलावर कसारा लोकल धडधडत येते, आणि पांढरेशुभ्र पंख उघडून सात उठतात. गाडीने शेकाटे उधळले म्हणून त्यांची मोजणी पहिल्यापासून, पण ढोकऱ्यांचा खरा आकडा गाडीनेच दिला. आता मी गाड्यांची वेळ बघूनच बसते. तुतारी शेपूट हलवत काठाने पळते, तिला ओळखायला वेळ लागत नाही. लांबवरच्या एका चिखल्या पक्ष्याची खात्री पटत नाही, तिथे ‘ओळख नाही’ असंच लिहिते. हे दोन शब्द लिहायला मला काही वर्षं लागली.

नदीच्या मध्यावर हिरवा गालिचा पसरला आहे आणि त्यावर कमळपक्षी चालत आहेत. बोटं इतकी लांब की सगळा भार पानांवर वाटला जातो. लांब शेपटी विणीपुरतीच, आता हिवाळ्यात ती नाही. यांच्यात अंडी नर उबवतो, पिलांमागेही तोच फिरतो. जांभळ्या पाणकोंबड्याही त्याच गालिच्यावर देठ सोलत बसलेल्या. नुसती बेरीज बघणाऱ्याला वाटेल, नदीला बरे दिवस आले.

मला ही बेरीज छळते. केंदाळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होणारं. हे अनुकूल पाणी आपणच तयार करतो, सांडपाण्यातलं नत्र आणि फॉस्फरस नदीत सोडून. वर पानं दाट झाली की खाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो, मासे तगत नाहीत. चालणाऱ्या पक्ष्यांना अंगण मिळतं, बुडी मारणाऱ्यांचं पाणी बंद होतं. म्हणून मी एकूण बेरजेवर विश्वास ठेवत नाही. कमळपक्षी आणि पाणकावळा हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचते.

आणि हे पाणी काही वाऱ्यावर सोडलेलं नाही. भर उन्हाळ्यात उल्हास वाहती राहते त्यात भिवपुरीच्या वीजघराचा मोठा वाटा आहे. ते १९२२ मध्ये सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या आंध्रा नदीचं, इंद्रायणी-भीमेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी तिथे कोकणात उतरवलं जातं. खाली बारवीचं पाणी मिळतं. एवढ्या लांबून आणलेलं पाणी कल्याण-डोंबिवली पिते, आणि मोहोन्याच्या बंधाऱ्याशी त्यावर केंदाळ साचतं.

गळ टाकून बसलेले एक काका मघापासून बघत होते.

“ताय, पक्षी वारलं का?”

“कमळपक्षी वाढले, काका. पाणकावळा एकही नाही.” मी वही दाखवली.

“नाय तं नाय. शून्य कशाला लिवायचा?”

“नाही लिहिलं तर कुणी बघितलंच नाही, असा अर्थ होतो.”

त्यांनी थोडा विचार केला, मग गळाच्या काठीने पुलाकडे दाखवलं. “खांबाखाली बघा. तिथं धार हाय, केंदाल थांबत नाय.”

सामान आवरून तिकडे गेले. दोन खांबांच्या मध्ये उघड्या पाण्याची चिंचोळी पट्टी होती. त्यात एक काळी मान वर आली, चोचीत काही नव्हतं, पुन्हा खाली गेली. घड्याळात साडेआठ झाले होते, या ठिकाणची मोजणी सव्वाआठला बंद झाली होती. शून्य खोडलं नाही. शेऱ्यात लिहिलं: पाणकावळा १, पुलाखाली, वेळेनंतर.