वातरक्त आणि मद्यसेवन : पथ्यापथ्यातील एक दुर्लक्षित प्रश्न

वातरक्ताच्या रुग्णास पथ्य सांगताना टोमॅटो, पालक, डाळी अशी निषिद्ध द्रव्यांची यादी आपण सहज लिहून देतो. शनिवारच्या बियरविषयी मात्र विचारत नाही. आणि घरची मंडळी सोबत असल्यास रुग्णही आपण होऊन सांगत नाही. वस्तुतः पालक व डाळींतील प्युरिनमुळे गाउटचा धोका वाढल्याचे मोठ्या निरीक्षणात आढळलेले नाही, मद्यामुळे मात्र तो निःसंशय वाढतो. म्हणून या विषयाकडे वैद्यमित्रांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २९ व्या अध्यायात वातरक्ताची निदाने सांगताना सुरा व आसव यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. त्यांच्या शेजारी कोणती कारणे आहेत तेही पाहण्यासारखे आहे : लवण, अम्ल, कटु रसांचा अतियोग, आनूप मांस, अजीर्णावर भोजन, रात्री जागरण व दिवसा निद्रा. आजच्या मद्याच्या बैठकीत खारट-तिखट चखणा, मटण, उत्तररात्रीपर्यंतचे जागरण आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची झोप हे सारे एकत्र जुळून येते. मद्य आपल्या उष्ण, तीक्ष्ण, अम्ल गुणांनी रक्त दूषित करते, तर रूक्ष व विशद गुणांनी वात प्रकुपित करते. संप्राप्तीचे दोन्ही घटक एकाच द्रव्याने सिद्ध होतात.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्राच्या अंगानेही दुहेरी परिणामच दिसतो. यकृतात अल्कोहोलचे पचन होताना एटीपी हे ऊर्जाद्रव्य खर्ची पडते व त्याच्या विघटनातून यूरिक आम्ल अधिक तयार होते. त्याच वेळी रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढून वृक्कांतून यूरिक आम्लाचे उत्सर्जन मंदावते. रक्तातील प्रमाण दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहू लागले की सांध्यांत स्फटिक साचण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. मद्यामुळे मूत्रप्रवृत्ती वाढून जलक्षय होतो, ती भर निराळीच. पहाटे पायाच्या अंगठ्याच्या मूळसांध्याला ठणका लागून रुग्ण जागा होतो, तेव्हा आदल्या संध्याकाळची चौकशी अवश्य करावी. एक सावधानता : ऐन वेगावस्थेत रक्तातील यूरिक आम्ल प्राकृतही आढळू शकते, तेवढ्यावरून निदान सोडू नये.

‘बियर हलकी’ हा समज सर्वांत घातक होय. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ४७,१५० पुरुषांचे १२ वर्षे निरीक्षण झाले, ७३० जणांना नव्याने गाउट झाला. सर्वाधिक संबंध बियरशी आढळला, त्याखालोखाल ऊर्ध्वपातित मद्याशी. बियरमध्ये अल्कोहोलखेरीज ग्वानोसिन हे प्युरिनही असते. त्या अभ्यासात वाइन निर्दोष वाटली. परंतु २०१४ मध्ये ज्यांना गाउट आधीच आहे अशा ७२४ रुग्णांच्या अभ्यासात वाइनसह सर्व मद्यप्रकारांनी पुढील चोवीस तासांत वेगाची शक्यता वाढल्याचे दिसले. तेव्हा फेणी असो वा व्हिस्की, प्युरिन नसले तरी अल्कोहोल आपले काम करतेच. मुतखडा पडावा म्हणून बियर घेण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. ज्याचा खडाच यूरिक आम्लाचा आहे त्यास हा सल्ला म्हणजे रोगास खतपाणी!

आता आपल्या घरातला प्रश्न. आसवारिष्टांत स्वयंजनित अल्कोहोल असते. ते ८ टक्के धरल्यास २० मि.लि. दोन वेळा या मात्रेत ३.२ मि.लि. अल्कोहोल पोटात जाते. ८ टक्क्यांच्या ६५० मि.लि. बियरच्या एका बाटलीतून ५२ मि.लि. जाते. सोळापट अंतर असल्याने अरिष्टाचा बाऊ करण्याचे कारण नाही. तथापि त्यात गुळही असतो व फ्रुक्टोजने यूरिक आम्ल वाढते. म्हणून वारंवार वेग येणाऱ्या रुग्णास, तसेच मद्य सोडू पाहणाऱ्यास, अमृतारिष्टाऐवजी गुडूची क्वाथ द्यावा, असे आमचे मत आहे. चवीची तक्रार होईल, ती होऊ द्यावी.

मद्यत्यागाने वेग कमी होतात. परंतु आनुवंशिकता व वृक्कांची दुर्बलता असलेल्यांत केवळ तेवढ्याने भागत नाही, हे रुग्णास आधीच सांगावे. त्याचे अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असल्यास ते परस्पर बंद करू नये. सांधा लाल, उष्ण असून ज्वर असल्यास जंतुसंसर्गाची शंका धरून तत्काळ रुग्णालयात पाठवावे. नित्य व अतिमात्र मद्यपान करणाऱ्यास ‘उद्यापासून बंद’ असे सांगणे धोक्याचे आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत कंप, भ्रम, आक्षेप उद्भवू शकतात. असात्म्य वस्तू क्रमाने सोडण्याचा शास्त्रोपदेश येथे लक्षात ठेवावा, आणि पूर्वी असा त्रास झालेल्या रुग्णाचा मद्यत्याग रुग्णालयातील देखरेखीखालीच करवावा.