दूध न सोसणाऱ्या बाळासाठी पर्यायी दुधाची निवड

दुग्धव्यवसाय करणाऱ्या कुटुंबात बाळाला वरचे दूध सोसत नसल्यास शेळीचे, म्हशीचे किंवा देशी गाईचे ‘ए-२’ दूध देण्याकडे कल असतो. गोठ्यातच उपलब्ध असल्याने हा उपाय सोपा वाटतो. परंतु तो बाळास अपायकारक ठरू शकतो. पर्यायी दूध निवडण्यापूर्वी त्रासाचे कारण निश्चित होणे आवश्यक आहे.

त्रासाची कारणे

दुधाचा त्रास प्रामुख्याने दोन प्रकारचा असतो. लॅक्टोज ही दुग्धशर्करा न पचल्यास पोट फुगते व पातळ जुलाब होतात. तान्ह्या बाळांत हा दोष बहुधा जुलाबाच्या आजारानंतर तात्पुरता उद्भवतो. दुधातील प्रथिनांची अॅलर्जी मात्र वेगळी असते. तीत शौचातून रक्त पडणे, अंगावर गांधी उठणे, वारंवार उलट्या होणे व वजन न वाढणे ही लक्षणे आढळतात. आईच्या दुधात सुमारे ७ टक्के, तर गाईच्या दुधात ५ टक्क्यांहून किंचित कमी लॅक्टोज असते. त्यामुळे आईचे दूध सोसणाऱ्या बाळास गाईच्या दुधाने त्रास होत असल्यास लॅक्टोज हे त्याचे कारण असण्याची शक्यता कमी असते.

दुसऱ्या जनावराचे दूध का चालत नाही?

शेळी व म्हशीच्या दुधातील केसीन व बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन ही प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी बरीच मिळतीजुळती असतात. त्यामुळे गाईच्या दुधाची अॅलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना ही दुधेही सोसत नाहीत. ‘ए-१’ व ‘ए-२’ प्रकारांच्या बीटा-केसीनमध्ये २०९ पैकी केवळ ६७ व्या स्थानावरील अमिनो आम्ल भिन्न असते; तेवढ्याने अॅलर्जी टळत नाही. दूध उकळूनही हा दोष जात नाही. शिवाय शेळीच्या दुधात फोलेट अत्यल्प असल्याने केवळ त्यावर वाढविलेल्या बाळास रक्तक्षय होऊ शकतो. तांदूळ, बदाम किंवा सोयाबीनपासून घरी केलेली पेये बाळाच्या दुधाची जागा घेऊ शकत नाहीत.

योग्य पर्याय

पहिले सहा महिने केवळ स्तनपान हाच सर्वोत्तम आहार होय. स्तनपान घेणाऱ्या बाळास अॅलर्जी असल्यास ते बंद न करता आईने डॉक्टरांच्या सल्ल्याने दूध व दुग्धजन्य पदार्थ काही आठवडे वर्ज्य करावेत आणि कॅल्शियमची पूर्तता करावी. वरचे दूध अपरिहार्य असल्यास प्रथिनांचे अतिसूक्ष्म विघटन केलेली भुकटी प्रथम निवडली जाते. तीही न सोसल्यास किंवा त्रास तीव्र असल्यास अमिनो आम्लांवर आधारित भुकटी दिली जाते. सोयाप्रथिनाची भुकटी सामान्यतः सहा महिन्यांनंतरच विचारात घेतली जाते. केवळ लॅक्टोजमुक्त भुकटी प्रथिनांच्या अॅलर्जीवर उपयोगी नाही, कारण तीत दुधाची प्रथिने कायम असतात. आहारातील बदलाचा परिणाम साधारणतः दोन ते चार आठवड्यांत दिसतो. बहुसंख्य मुलांची ही अॅलर्जी पुढील काही वर्षांत नाहीशी होते.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

शिशु दुग्धपर्यायांच्या जाहिरातीस व नमुने वाटण्यास १९९२ च्या अधिनियमान्वये मनाई आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी कोणत्याही उत्पादनाची शिफारस न करता कुटुंबास बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. शौचातून रक्त पडणे, श्वासास घरघर लागणे, चेहरा सुजणे किंवा बाळ निस्तेज होणे ही लक्षणे दिसताच बाळास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.