स्तन-पुनर्रचना : परगावी शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी



मागच्या महिन्यात मी इथेच, मूर्तिजापुरात, 'देह म्हणजे मी का?' या विषयावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक बाई दाराशी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही देहाबद्दल बरंच बोलले. मले देहाचंच एक विचाराचं हाय." दोन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्यांचा एक स्तन काढावा लागला. आता मुंबईचे डॉक्टर म्हणतात, नवा तयार करता येतो. घरचे म्हणतात, आजार गेला ना, मग आता हे कशाला? बाईंना ठरवता येत नव्हतं. मी म्हटलं, यावरच पुढचं व्याख्यान देतो, तुमचं नाव-गाव सांगणार नाही. त्या हो म्हणाल्या. आज त्या इथे आल्यात की नाही, हेही मी सांगणार नाही.

एक खुलासा आधीच करतो. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, पण ती पदवी तत्त्वज्ञानातली. तिने साधा तापही उतरत नाही. तेव्हा वैद्यकाचं मी जे बोलेन, ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून घ्या. मात्र या वाटेने मी एकदा गेलो आहे, सोबती म्हणून. माझ्या पत्नीची ही शस्त्रक्रिया झाली.

पहिली चूक माझी

तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. स्तन काढला, किमो झाली, शेक झाले, सगळं पार पडून दोन वर्षं उलटली होती. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, मला नवा करून घ्यावासा वाटतो. मी म्हटलं, "या वयात कशाला? कोण बघतंय?" आणि तीस वर्षं शिकवण्याची खोड, म्हणून पुढे जोडलं, अगं, गीतेत देहाला वस्त्र म्हटलंय, वस्त्राचा एवढा मोह कशाला? तिने पोळी वाढता वाढता विचारलं, "अन् कपडा फाटला त आपन शिवत नाही का जी?"

तीस वर्षांत वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता.

नंतर हळूहळू ती बोलली. ब्लाउजमध्ये कापूस भरायचा, तो सरकायचा. लग्नात कुणी गळाभेट घेतली की ती अंग चोरायची. आंघोळीला गेली की नजर भिंतीकडे. 'कोण बघतंय' याचं उत्तर साधं होतं, ती स्वतः बघत होती, रोज.

पुण्याचं नाक

ही शस्त्रक्रिया म्हणजे आजकालची चैन, असं आपल्याला वाटतं. पण तुटलेलं अंग पुन्हा घडवण्याची जगभर गाजलेली एक हकिकत आपल्या पुण्याचीच आहे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाच्या कातडीचं नवं नाक केलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

यातली युक्ती समजून घ्या. कारागिराने कपाळाची कातडी पूर्ण तोडली नाही. दोन भुवयांच्या मधे एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली आणि तिच्यातून रक्त येत राहिलं. आपण बागेत दाब कलम करतो तसं. फांदी झाडाला लागलेलीच राहते आणि दुसरीकडे मूळ धरते. स्तनाच्या पुनर्रचनेतही प्रश्न हाच असतो, रक्त कुठून येणार?

कावसजीला कुणी 'कशाला?' असं विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही. नाक चारचौघांत दिसतं. स्तन पदराआड असतो, म्हणून आपण खुशाल विचारतो. दुःख दिसत नसेल तर ते कमी असतं, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसतं?

प्रकार आणि फेऱ्या

डॉक्टर प्रकार समजावून सांगतील. आपल्यासारख्या दूरच्या माणसाने प्रत्येक प्रकाराला एक प्रश्न जोडायचा: किती फेऱ्या आणि किती मुक्काम?

पहिला प्रकार कृत्रिम रोपणाचा, सिलिकॉनचा. शस्त्रक्रिया तुलनेने लहान, रुग्णालयात मुक्काम कमी. पण पुष्कळदा आधी कातडीखाली एक रिकामी पिशवी ठेवतात आणि काही आठवडे तिच्यात सुईने थोडं थोडं सलाईन भरत कातडी ताणून घेतात. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत कायमचं रोपण बसवतात. मुंबईच्या बाईला या फेऱ्या म्हणजे लोकलचा प्रवास. आपल्याला दर वेळी सहाशे किलोमीटर. शिवाय रोपण जन्मभर टिकेल असं नाही, पुढे बदलावं लागू शकतं. शेक झालेल्या जागी रोपणाच्या अडचणी वाढतात, हेही विचारून घ्या.

दुसरा प्रकार पाठीच्या स्नायूचा. पाठीचा स्नायू आणि कातडी रक्तवाहिनीसकट बगलेखालून पुढे वळवतात. हे आपलं दाब कलम.

तिसरा पोटाच्या चरबी-कातडीचा. आजच्या पद्धतीत ती पूर्ण सोडवून छातीवर आणतात आणि बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. शस्त्रक्रिया बरेच तास चालते. पहिले दोन-तीन दिवस रक्त नीट वाहतंय का, यावर सारखी नजर ठेवतात. मुक्काम मोठा आणि पोटाला सावरायला सहा ते आठ आठवडे. पण जमलं तर ते आपल्याच देहाचं असतं. माझ्या पत्नीने हा प्रकार निवडला.

आणि काहीच न करणं हासुद्धा पूर्ण निर्णय आहे. ब्लाउजमध्ये बसणारे कृत्रिम स्तन मिळतात, सुती धाग्याने विणलेले हलकेही असतात. अनेक बायका त्यात समाधानी असतात, अनेकींना तेही नको असतं.

ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांनी हे ऐका. स्तन काढण्याच्याच वेळी पुनर्रचना करता येते का, हे *आधी* विचारा. काहींना ते योग्य असतं, काहींना शेक संपल्यावर काही महिने थांबावं लागतं. पण कर्करोगाचा उपचार पहिला, त्याला यासाठी थांबवायचं नाही.

आता 'पुनर्रचना' या शब्दाकडे बघा. तो 'पूर्ववत' नाही. नव्या जागी स्पर्शाची जाणीव कमी असते, कधी अजिबात नसते. व्रण राहतात. स्तनाग्र हवं असेल तर ते पुढे वेगळं करतात. पहिलाच परत मिळेल या आशेने जी जाते ती निराश होऊन येते. घर सोडण्याआधी मनाशी हे नक्की करणं, ही तयारीतली पहिली गोष्ट.

निघण्याआधी महिनाभर

तंबाखू बंद. बायकांना हे विचारायला डॉक्टरही संकोचतात आणि बायकाही सांगत नाहीत. मिश्री, गुडाखू, खर्रा, सगळं त्यात आलं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि आपली सगळी भिस्त तर त्यांच्यावरच. निदान चार आठवडे आधी सोडायचं आणि जखम भरेपर्यंत हात लावायचा नाही. साखर असेल तर ती आटोक्यात आणा, रक्त कमी असेल तर ते वाढवा. ही कामं इथे अकोल्यात होतात, त्यासाठी मुंबईत भाडं भरत बसू नका. चालू असलेली प्रत्येक गोळी लिहून न्या, रक्त पातळ करणारी, हार्मोनची, काढा-चूर्णसुद्धा. कोणती कधी थांबवायची हे डॉक्टर सांगतील. आपल्या मनाने एकही बंद करायची नाही.

आणि मुंबईच हवी का, हेही एकदा विचारा. ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथलेच शल्यविशारद नागपूरला कुणाकडे पाठवता येईल का, ते सांगू शकतात. नागपूर आपल्याला तिप्पट जवळ आहे.

मुक्काम

परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, तेव्हापासून वऱ्हाडातली माणसं तिथे जात आली आहेत. आजार परगावी गेला की त्याला छप्पर लागतं, हे आपल्याच एका माणसाने ओळखलं होतं. गाडगेबाबांचं बालपण आपल्या तालुक्यातल्या दापुऱ्याचं. त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. जागा मर्यादित असते, म्हणून निघण्याआधीच रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी बोला आणि कोणती चिठ्ठी लागते ते विचारा. त्याच विभागात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं, याची लेखी माहिती घ्या.

रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी सवलत असते. स्लीपर आणि एसी थ्री-टायरला रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयाकडून घ्यावा लागतो. बर्थ खालचाच घ्या.

आम्ही दोन चुका केल्या. पहिली, दहाव्या दिवसाचं परतीचं तिकीट काढून ठेवलं. शस्त्रक्रियेनंतर जखमेतलं पाणी बाहेर काढायला नळ्या ठेवतात, त्यांना बाटल्या असतात. रोजचं पाणी ठरावीक मापाखाली आलं की नळी काढतात. कुणाची आठवड्यात निघते, कुणाची तीन आठवड्यांनी. आमचं तिकीट फुकट गेलं आणि खोलीची मुदत संपली. जाण्याची तारीख ठरवा, येण्याची मोकळी ठेवा.

दुसरी चूक, आम्ही घेतलेली खोली स्वस्त होती, पण दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि संडास उकिडवं बसायचा. पोटाला टाके असलेल्या बाईला उकिडवं बसवत नाही, हे माझ्यासारख्या शहाण्याच्या लक्षात आलं नाही. शेवटी मी परळच्या बाजारातून कमोडची खुर्ची खांद्यावर घालून आणली. खोली बघताना आधी संडास बघा.

सामान थोडंच न्या, पण नेमकं. समोर उघडणारे सैल गाऊन चार, कारण हात वर जात नाही. नळीची बाटली अडकवायला कापडी पिशवी. पाठीमागे आणि गुडघ्याखाली घ्यायला उशा. मापाचं भांडं आणि एक वही. सकाळ-संध्याकाळ बाटलीतलं पाणी किती मिलिलिटर, रंग कसा, हे मी त्या वहीत लिहीत असे. मी चार पुस्तकं लिहिली, पण कुणी खरोखर वाट पाहून वाचलेलं माझं लिखाण म्हणजे ती वही.

परत आल्यावर

घर आधी लावून जा. झोपायला जमिनीवरची गादी नको, पलंग हवा. सहा-आठ आठवडे पाण्याची बादली, धुण्याचा पिळा, नातवंडं, काहीच उचलायचं नाही. म्हणून सोयाबीनच्या सोंगणीत किंवा दिवाळीच्या तोंडावर तारीख घेऊ नका, बाई बसून राहणार नाही. मे महिन्यात पोटपट्टा बांधून आपल्या उन्हात राहणंही कठीण.

गावातल्या डॉक्टरांना जाण्याआधी भेटून सांगा, आल्यावर ड्रेसिंग तुमच्याकडे करीन. शस्त्रक्रियेची नोंद आणि तिथला फोन नंबर जवळ ठेवा. ताप, जखमेची लाली, घाण वास किंवा नव्या स्तनाचा रंग बदलला तर त्याच दिवशी फोन करा. एका पायाला सूज आली किंवा अचानक दम लागला तर थांबायचंच नाही, जवळच्या रुग्णालयात जा. गाडीतही तासातासाला पाय हलवायचे. आणि नव्या जागेवर गरम पाण्याची पिशवी कधीही नाही. तिथे चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतं.

दोन प्रश्न

*एका श्रोत्याने विचारलं: यामुळे आजार परत यायची भीती वाढते का?*

डॉक्टरांचा आजवरचा अनुभव, वाढत नाही. पण पुनर्रचना म्हणजे आजारापासून संरक्षणही नव्हे. ठरलेल्या तपासण्या चालूच ठेवायच्या.

*एका बहिणीने विचारलं: नवरा नाही म्हणत असेल तर?*

ताई, मीही नाहीच म्हटलं होतं. डॉक्टरांच्या खोलीत त्यांना सोबत न्या. मी तिथेच बदललो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न मला नाही, तिला विचारला, "तुम्हाला यातून काय हवंय?" लग्नाला तीसेक वर्षं झाली होती आणि हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. ती म्हणाली, "मले आंगोयीच्या वक्ती रडू येऊ नये."

एवढंच तिला हवं होतं. प्रकार, तारीख, मुक्काम, खर्च हे सगळं आम्ही त्या एका वाक्यावरून ठरवलं. दाराशी थांबलेल्या बाईंना माझं तेच सांगणं आहे. घरचे 'कशाला' म्हणतात, त्याचं उत्तर आधी तुम्ही स्वतःला द्या, एका वाक्यात, आणि कागदावर लिहा. उत्तर 'नको' असलं तरी चालेल. 'हवं' असलं, तर तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि मग गाडीचं तिकीट काढा.