चेतकचे बोअर वाढवले तर?

धाराशिव, कळंब किंवा उमरग्यातल्या एखाद्या जुन्या गॅरेजात गेलात, तर फळीवर स्कूटरचे झिजलेले ब्लॉक आणि पिस्टन पडलेले दिसतात. ब्लॉक म्हणजे सिलिंडर. तो झिजला की लेथवर आतून कोरून घेतात आणि किंचित जाड पिस्टन बसवतात. हे पाहून मुले हमखास विचारतात: मग भरपूर मोठाच पिस्टन का बसवू नये? गाडी जास्त पळेल!

प्रश्न चुकीचा नाही. युरोपात छोट्या व्हेस्पांसाठी असे मोठ्या बोअरचे तयार संच मिळतात. मूळ ३८.४ मि.मी.च्या जागी ४७ मि.मी.चा सिलिंडर बसवला की ५० घ.सें.मी.ची गाडी ७५ ची होते.

आपण चेतकचे उदाहरण घेऊ. अर्थात १९७२ साली आलेली टू-स्ट्रोक चेतक, आजची विजेवरची नव्हे. तिचे बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५७ मि.मी. आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोकही ५७ मि.मी. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला धावेने गुणले की सुमारे १४५.५ घ.सें.मी. येतात. दुरुस्तीत बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढले तर घनफळ दोन टक्केही वाढत नाही. चालवणाऱ्याला फरक कळत नाही. पण ६३ मि.मी.चा सिलिंडर बसवला असे समजा. व्यास साडेदहा टक्केच वाढला, घनफळ मात्र २२ टक्के वाढून १७८ च्या जवळ गेले. घनफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्याचा हा परिणाम.

अडचणही याच वर्गातून निघते. मिश्रण २२ टक्के जास्त जळले तर उष्णताही साधारण तेवढीच जास्त. ती बाहेर नेणारी सिलिंडरची भिंत मात्र परिघाच्या, म्हणजे व्यासाच्या प्रमाणात, साडेदहा टक्केच वाढली. वारा घालणारा पंखा जुनाच. चेतकचे इंजिन बाजूच्या पत्र्याआड असते, समोरचा वारा त्याला मिळत नाही. पंखा फ्लायव्हीलवर असल्याने इंजिन जितके फिरेल तितकाच फिरतो. मे महिन्यात सोलापूरहून तुळजापूरकडे बालाघाटाचा चढ चढताना थ्रॉटल पूर्ण उघडलेला आणि फेरे कमी. उष्णता सर्वाधिक, वारा सर्वात कमी!

आता प्रसरण पाहा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक बिडाच्या सुमारे दुप्पट. दोघांचेही तापमान १५० अंशांनी वाढले तर ५७ मि.मी.चा पिस्टन जवळजवळ ०.२ मि.मी. फुगतो आणि ब्लॉक ०.१ मि.मी. म्हणजे त्यांच्यातली फट ०.१ मि.मी.ने आवळली. प्रत्यक्षात पिस्टन ब्लॉकपेक्षा जास्त तापतो, म्हणून फट आणखी कमी होते. ती संपली की इंजिन सीझ होते आणि मागचे चाक धावत्या गाडीत एकदम अडते. क्लच दाबायला क्षणभरच वेळ मिळतो.

त्यामुळे नुसता सिलिंडर बदलून भागत नाही. कार्ब्युरेटरचा जेट तोच ठेवला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन आणखी तापू शकते. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच जाते, तेही कमी पडते. हेड तेच ठेवले तर दाबाचे प्रमाण वाढते: मूळ ८ धरले तर ते साडेनऊच्या वर जाईल. सिलिंडरची द्वारे क्रँककेसच्या वाटांशी जुळली नाहीत तर वाढलेले घनफळ वाया जाते. आणि ब्रेक? ते जुन्याच वेगासाठी केलेले. (याचा विचार बहुधा शेवटी होतो!)

कायद्याची बाजूही विद्यार्थ्यांना सांगावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सोळाव्या वर्षी मिळणारी मुभा फक्त ५० घ.सें.मी.पर्यंतच्या दुचाकीची आहे. लुनासारख्या ५० च्या गाडीचे बोअर वाढवले की ती मुभा संपली. नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, हे कलम ५२ मध्ये आहे.

वर्गासाठी गॅरेजमधून एक टाकाऊ ब्लॉक मागून आणावा. आतला व्यास वर, मध्ये, खाली आणि दोन काटकोनी दिशांनी व्हर्नियरने मोजावा. शाळेतल्या व्हर्नियरचे लघुत्तम माप ०.१ मि.मी., म्हणजे वर काढलेल्या प्रसरणाच्या फरकाएवढेच. लेथवाला मायक्रोमीटर का वापरतो, हे मुले तिथेच ओळखतात.