गॅस गीझर लावताना हवा खेळती ठेवा

दत्तजयंतीच्या सुमारास नृसिंहवाडीत पहाटे थंडी असते. घरोघरी आणि यात्रेकरूंच्या खोल्यांतूनही गरम पाणी लागते. भिंतीवरचा गॅस गीझर त्यासाठी सोयीचा. पण बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

गॅस जळताना खोलीतील प्राणवायू खर्च होतो. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातपाय गळतात. कडी काढण्याचेही त्राण राहत नाही.

म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त पाण्याचा नळ न्यावा. थंडी वाजते म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावू नये. गीझर आतच असेल तर आधी बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा, दार उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळ करावी. ज्योत निळी हवी; पिवळी दिसल्यास माहितगार कारागिराला दाखवावे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. पुरात बुडालेला गीझर तपासून घेतल्याशिवाय पेटवू नये.

आत कोणी बेशुद्ध पडल्यास दार उघडून त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. घरातल्यांनी आणखी एक सवय लावून घ्यावी: आंघोळीला गेलेल्याला अधूनमधून हाक मारावी.