मेटल डिटेक्टर काय शोधतो आणि काय हरवतो?

परदेशातले 'ट्रेझर हंटिंग'चे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. माणूस शेतात यंत्र फिरवतो, बीप येतो, दोन मिनिटांत जुनं नाणं हातात! आपणही करून बघावं असं वाटणं साहजिक आहे. पण त्याआधी यंत्राचं विज्ञान बघू.

डिटेक्टरच्या तळाशी कॉइल असते. तिच्यातला एसी करंट बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. त्यामुळे जमिनीतल्या धातूत एडी करंट वाहू लागतात आणि त्यांचं स्वतःचं छोटं क्षेत्र तयार होतं. यंत्र तेच पकडतं. सिग्नलची फेज किती सरकली यावरून लोखंड की चांदी, याचा अंदाज बांधता येतो.

मर्यादा मात्र मोठी आहे. हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं, जाताना आणि येतानाही. म्हणजे खोल असलेल्या छोट्या वस्तूचं अंतर दुप्पट झालं की सिग्नल जवळपास ६४ पट कमी! त्यात आपल्या बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट स्वतःच गोंधळ घालतं.

आता आमच्या परळचंच उदाहरण घ्या. १९३१ मध्ये इथे रस्त्याचं काम चालू असताना तीन मीटरहून उंच, पाचव्या-सहाव्या शतकातलं शिवशिल्प सापडलं. आज ते बारादेवी मंदिरात आहे. त्याच जागेवर आधी डिटेक्टर फिरवला असता तर? शिल्प दगडाचं, त्यामुळे त्याचा बीप आलाच नसता. उपकरण गप्प आहे म्हणजे तिथे काही नाही, असं होत नाही. तुमच्या प्रयोगातही हे लक्षात ठेवा.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे क्षत्रप राजा नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला होता. नहपानाचा पराभव करून सातवाहनांनी त्याचंच चलन आपलं केलं, याचा हा भक्कम पुरावा. पण हे प्रमाण कळलं ते साठा एकत्र मोजता आला म्हणून. हीच नाणी शंभर हौशी लोकांच्या खिशात गेली असती तर? नाणी उरली असती, डेटा संपला असता.

कायदाही माहीत असू द्या. १८७८ च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टनुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा होऊ शकते. संरक्षित स्मारकांच्या जागी परवान्याशिवाय खोदणं तर बेकायदाच. इंग्लंडमध्ये हा छंद चालतो, पण तिथे १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये हौशी लोकांनी सापडलेली वस्तू आणि तिची जागा नोंदवण्याची सोय आहे.

मग आवड असेल तर काय करायचं? पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेत उत्खननाची पद्धत शिका. तिथे वस्तू उचलण्याआधी थर, खोली आणि शेजारच्या वस्तू लिहून ठेवतात. तुमचं संशोधन कुठल्याही विषयात असो, नमुना कुठून, कसा आणि कशासोबत मिळाला हे आधी वहीत उतरवा. ते एकदा पुसलं गेलं की कितीही भारी यंत्र आणलं तरी परत मिळत नाही.